खिळ्यावरची किल्ली

“त्याच्या भिंतीकडं बघितलंस का गं?”

शाळेतून निवृत्त झालेल्या रझियाबाईंनी मला गल्लीतच अडवलं. माझ्या कडेवर शरू, खांद्याला डब्याची पिशवी, आणि ऊन इतकं की शरूचं टोपरं घामानं कपाळाला चिकटलेलं. नवऱ्याला, इंद्रजितला, डबा देऊन मला लवकर घरी परतायचं होतं.

“कुठल्या भिंतीकडं, बाई?”

“गाळ्यातल्या. हत्यारं, पाने लावलेत त्या. खिळे मोकळे दिसायलेत.”

“कुणीतरी मागून नेले असतील.”

“नेले असते तर किल्ल्या दिसल्या असत्या. किल्ल्या कुठायत?”

“मग आवरलं असेल त्यानं. बरंच झालं की. ही आता रांगायला लागलीय. हाताला येईल ते तोंडात घालते.”

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. चाळीस पोरांच्या वर्गाकडं बघावं तसं. मग म्हणाल्या, “आमच्या इलाहीनंबी असंच आवरलं होतं. लक्ष ठेव.”

इलाहीभाई म्हणजे त्यांचे यजमान. ओतकामाचे लाकडी साचे करायचे. ते माझ्या लग्नाआधीच गेले होते आणि कसे गेले, हे गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी हसून “हो बाई, ठेवते” म्हटलं आणि पुढं झाले. म्हाताऱ्या माणसाला सगळीकडं आपलंच दुःख दिसतं, असं मला वाटलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गल्लीची रीत मला लग्नानंतर कळली. इंद्रजितच्या गाळ्यात मागच्या भिंतीला एक मोठी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगानं काढलेला. आकारावर खिळा, खिळ्यावर पाना. शेजारच्या गाळ्यातल्या कुणाला पाना लागला की त्यानं यायचं, आपल्या गाडीची किल्ली त्या खिळ्याला अडकवायची आणि पाना घेऊन जायचं. विचारायचं नाही की सांगायचं नाही. पाना परत आणल्याशिवाय घरी जाताच येत नसे. संध्याकाळी एखादी किल्ली तशीच लोंबताना दिसली की इंद्रजित दारातून ओरडायचा, “कोण चालत निघालंय रे आज?” पाना देऊन टाकायचा मात्र नसतो. खंडेनवमीला ज्याला हळदकुंकू वाहायचं, ते कुणी देऊन टाकतं का?

मी रत्नागिरीकडची, संख्याशास्त्र शिकलेली. मला त्या भिंतीचं कौतुक होतं, पण ती वाचता येत नव्हती.

आणि त्या दिवसांत माझं लक्ष भिंतीवर नव्हतंच. आमच्या घरात एकच विषय चालला होता: ट्रॅकसाठी मोटारसायकल विकत घ्यायची की बांधायची.

इंद्रजितला ट्रॅकचं वेड कॉलेजपासूनचं. शर्यत नव्हे, नाव नोंदवून बंदिस्त ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवायची, वेग आजमावायचा, घरी यायचं. तो आणि त्याचा जिवलग मित्र शिवतेज चौगुले वर्षातून दोनदा जायचे. गाडी इंद्रजितनं बांधलेली. अपघातात चेपलेली एक जुनी गाडी उचलून, सांगाडा सरळ करून, इंजिन उघडून, त्यानं तिचं सोनं केलं होतं. आदल्या वर्षी शरूच्या वेळी मला सातवा महिना होता तेव्हा तीच गाडी घेऊन चौगुले शेवटच्या वळणावर पडला. जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्यात कायमचा आखडला.

गाडी टेम्पोतून परत आली तेव्हा मागच्या चाकाचा नट ढिला होता. ट्रॅकच्या गाडीत महत्त्वाच्या प्रत्येक नटाला बारीक पोलादी तार बांधतात, तो फिरू नये म्हणून. त्या नटाला तार नव्हती. पडताना तुटली, की बांधायचीच राहिली होती, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. इंद्रजितला बाकी सगळ्या तारा बांधल्याचं आठवत होतं. ही एक आठवत नव्हती.

“अरे, मी घासत किती लांब गेलोय बघितलंस का?” चौगुले दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला म्हणायचा. “माझी कातडी राहिली न्हाई, तुझी तार कशी राहील? ब्रेक उशिरा लावला मी. गाढव मी हाय, तू कशाला ओझं वाहतोस?”

इंद्रजित हसायचा. तो हसला की आम्हाला बरं वाटायचं.

वर्षभरानं चौगुलेनंच त्याच्या मागं लकडा लावला, दुसरी गाडी बांध म्हणून. एक सांगाडा गाळ्यात येऊन स्टँडवर चढलाही. मग माझी झोप उडाली. ट्रॅकवर जाऊ नको असं मी म्हणणार नव्हते. ते त्याचं श्वास घेणं होतं. पण बंगळूरच्या एका माणसाकडं ट्रॅकसाठी तयार केलेली, कंपनीची, जेमतेम वापरलेली गाडी विकायला होती. तिचे फोटो मीच शोधून काढले.

“ही घे ना,” मी म्हणायचे.

“ती त्या माणसाच्या मापाची आहे, केतकी. माझे हात लांब आहेत. हँडल कुठं हवं, पाय कुठं टेकायचे, हे सगळं अंगाला बसलं पाहिजे. शिवलेला सदरा आणि टांगलेला सदरा यात फरक असतो.”

“सदरा फाटला तर माणूस मरत नाही.”

“बांधलेल्या गाडीचा प्रत्येक नट मला ओळखतो.”

असे वाद रोज. जेवताना, शरूला अंघोळ घालताना, दुधाची पिशवी कापताना. तो कागदावर सांगाडा काढून दाखवायचा, मी मोबाईलवर फोटो. खरं सांगायचं तर त्या वादांत मजाही होती. मग एका रविवारी मी म्हणून गेले, “कंपनीच्या गाडीत काही बिघडलं तर निदान कुणीतरी जबाबदार असतं.”

तो भाकरी मोडत होता. थांबला. मग अगदी शांतपणे म्हणाला, “बरोबर आहे तुझं. विकतच घेऊ.”

मी जिंकले होते. सासरच्या-माहेरच्या सगळ्यांना मी ते फोन करून सांगितलं.

त्यानंतरचे आठवडे फार सुखाचे गेले, असं तेव्हा वाटलं. इंद्रजित चिडेनासा झाला. संध्याकाळी लवकर यायचा. विम्याचे कागद, गॅसचं पुस्तक, सगळं एका फायलीत लावून ठेवलं. मी म्हटलं, बाप झाल्यावर माणूस सुधारतो. एकच गोष्ट मला खुपत होती. तो शरूला उचलेनासा झाला होता. तिच्याजवळ जमिनीवर बसायचा, तिच्याकडं एकटक बघायचा, पण उचलायचं झालं की मला हाक मारायचा. “पाठ धरलीय जरा.” पाळण्याचा एक बोल्ट ढिला झाला होता तेव्हा त्यानं शेजारच्या सुतारकाकांना बोलावलं. गाड्यांची इंजिनं उघडणारा माणूस पाळण्याला दुसऱ्याकडून पाना लावून घेतो, हे मी पाहिलं. पाहिलं आणि पाठीला लावायचं तेल आणलं.

बाईंनी मला अडवलं, ते या सगळ्यानंतर. त्या दुपारी मी गाळ्यात डबा ठेवला, तेव्हा भिंतीकडं बघितलं खरं. एखादा पाना सोडला तर पांढरे आकार तेवढे दिसत होते.

“पाने कुठं गेले रे?” मी विचारलं.

“आता विकतची गाडी येणार म्हटल्यावर एवढं कशाला लागतंय? वाटून टाकले. गरजूंना उपयोग होईल.”

“छान,” मी म्हटलं.

पुढच्या सोमवारी तो बंगळूरला निघाला. सोमवार म्हणजे उद्यमनगरची सुट्टी. दुपारची बस होती. तिथल्या ट्रॅकवर गाडी चालवून बघायची, पटली तर टेम्पोत घालून आणायची, असा बेत. निघताना शरूच्या पायाला त्यानं हात लावला. डोक्यावरून नव्हे, पायाला. मग मला म्हणाला, “तू चांगली आई आहेस हं.”

“आणि तू बस चुकवशील,” मी म्हटलं.

अर्ध्या तासानं चौगुलेचा फोन आला.

“वहिनी, ह्या इंद्याला काय झालंय? आत्ता रिक्षावाला एक मोठं गाठोडं ठेवून गेला. त्याचं हेल्मेट हाय आत. चामड्याचा सूटबी. तो बस धरायच्या गडबडीत असंल, म्हणून तुम्हाला लावला.”

“तुझ्याकडं कशाला पाठवलं?”

“तेच की! माझा पाय असा. मी काय हेल्मेट घालून टीव्ही बघू?” तो हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला. “वहिनी, तो बंगळूरला चालवून बघणार होता ना?”

हेल्मेट तपासल्याशिवाय ट्रॅकच्या फाटकातून कुणालाही आत सोडत नाहीत, हे त्या दोघांच्या संगतीत मलाही पाठ झालं होतं. आणि इंद्रजित दुसऱ्याचं हेल्मेट कधी डोक्यात घालत नसे. दुसऱ्याचा दात तोंडात बसवण्यासारखं आहे, म्हणायचा.

मी फोन ठेवून त्याला लावला. रिंग घरातच वाजली. देवघराच्या फळीवर, त्या फायलीच्या शेजारी, त्याचा मोबाईल होता.

मग सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मोकळे खिळे. फाईल. शरूचा पाय. आणि भांडायचा थांबलेला माझा नवरा.

माझ्या हातात शरू होती, ती रडत होती की मी, मला आठवत नाही. मी रझियाबाईंना फोन लावला. त्यांचं घर गाळ्याच्या समोर.

“बाई, इंद्रजित...”

“शटर अर्धं हाय,” त्या म्हणाल्या. मी काही सांगायच्या आत. “आतच हाय तो. मी बघितलंय. तू ये. रिक्षानं ये, पळत येऊ नको पोर घेऊन. मी जाते त्याच्याकडं.”

“काय सांगून जाल?”

“त्याला चौथीत शिकवलंय मी. मला काय सांगायला लागतंय?”

रिक्षा आमच्या राजारामपुरीतून उद्यमनगरात यायला कितीसा वेळ लागतो! तेवढ्यात मी शरूच्या अंगावरच्या झबल्याचा बंद सोडून पुन्हा बांधत होते, पुन्हा सोडत होते. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, “ताई, दवाखान्यात घेऊ का?” मी म्हटलं, “नको. गाळ्यावर.”

सुट्टीच्या दिवशी ती गल्ली किती मुकी असते! एरवी लेथचा, ग्राइंडरचा आवाज. बोलायचं तर ओरडायला लागतं. त्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. आणि अर्ध्या शटरखालून बाईंचा.

“अरे, नीट धर की. शाळेत असतानाबी असाच धांदरट होतास.”

मी वाकून आत गेले. इंद्रजित उलट्या क्रेटवर बसला होता. समोर बाईंचा जुना मिक्सर, पोटावर पाडलेला. त्याच्या हातात एक रुपयाचं नाणं होतं आणि त्या नाण्यानं तो मिक्सरच्या बुडाचा स्क्रू फिरवत होता. फिरत नव्हता. आख्ख्या गाळ्यात स्क्रू ड्रायव्हर नव्हता. बाई खुर्ची ओढून बरोब्बर शटरच्या वाटेत बसल्या होत्या.

“संध्याकाळी वाटण करायचंय मला,” त्या म्हणाल्या. “पाहुणे यायचेत. ही आली बघ तुझी बायको. आता दोघं मिळून करा.” उठल्या नाहीत. फक्त तोंड गल्लीकडं फिरवलं.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. सरळ विचारलं. घुमवून फिरवून विचारायला माझ्याजवळ शब्दच उरले नव्हते.

“तू बंगळूरला जाणार नव्हतास ना?”

तो नाण्याकडं बघत राहिला. “नाही.”

“मग कुठं?”

“कुठंच नाही.”

“म्हणजे जीव द्यायचं मनात होतं का तुझ्या?”

बाईंची पाठ ताठ झाली, पण त्या वळल्या नाहीत. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. खूप जड काहीतरी खाली ठेवावं तसा त्याचा खांदा उतरला.

“हो,” तो म्हणाला. “सारखं येतं मनात. आज इथं बसलो होतो, तर बाई हे घेऊन आल्या. नाही कसं म्हणू त्यांना?”

शरू त्याच्याकडं झेपावत होती. त्यानं हात मागं घेतले.

“घे तिला.”

“नको, केतकी. माझ्या हातचं कुणाच्या अंगाखाली नको. मी आवळलेलं सुटतं. तूच म्हणालीस ना, कंपनीच्या गाडीला कुणीतरी जबाबदार असतं. बरोबरच बोललीस. चौगुल्याच्या पायाला मी आहे जबाबदार. तो रोज नाही म्हणतो, म्हणजे त्याला माहीत आहे. रात्री मी तो नट आवळतो. रोज आवळतो. तार हातात असते आणि मग पुढचं आठवत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू किती खूष होतीस. मी शांत झालो म्हणून.”

गल्लीतून एक कुत्रं आलं, बाईंनी त्याला हुसकलं. मला तेव्हा एवढंच कळत होतं की याला समजावायचं नाही. वाद जिंकायची मला भीती वाटायला लागली होती.

मी उठून भिंतीकडं गेले. सगळ्या पांढऱ्या आकारांत एकच पाना उरला होता. दहा-बाराच्या मापाचा. त्याच्या वडिलांचा, दांड्याला त्यांची आद्याक्षरं ठोकलेला. तो कुणाला द्यायचं धाडस त्याला झालं नसावं. मी तो काढला. पिशवीतून घराची किल्ली काढली आणि त्या खिळ्याला अडकवली.

“काय करतेस?” इंद्रजितनं विचारलं.

“पाना नेतेय. पाळण्याचा बोल्ट पुन्हा ढिला झालाय, सुतारकाकांना तो नीट आवळताच आला नाही. घराला मी कुलूप घातलंय. किल्ली आता या खिळ्यावर. पाना परत आल्याशिवाय ती सुटायची नाही, ही तुमचीच रीत. बोल्ट तू आवळायचास, म्हणजे पाना तुझ्यासोबत. मग घरात कसं शिरायचं ते तू सांग.”

मग त्याच्या तोंडातून एक आवाज आला. हसणं होतं त्याच्यात, आणि ते लगेच फुटलं. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मी शरूला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. क्षणभर त्याचे हात हवेत तसेच राहिले. मग तिनं त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं आणि त्यानं तिला धरलं.

“माझा मिक्सर ऱ्हायला,” बाई गल्लीकडं बघतच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. चौगुले रिक्षानं दवाखान्याच्या दारात येऊन थांबला होता, काठी टेकत. औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं. महिने गेले. काही दिवस असे गेले की मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत असे. तो एकदम बरा झाला असं मी लिहिणार नाही. हळूहळू झाला, मध्ये मागंही गेला.

गल्लीत कुणी कुणाला काही बोललं नाही. पण एकेक पाना परत येऊ लागला. सकाळी गाळा उघडावा तर कुणीतरी येऊन म्हणायचं, “हे माझ्या हाताला बसत न्हाई रे, ठेव तुझं.” आणि आकारावर अडकवून जायचं. चौगुलेनं मात्र हेल्मेट दिलं नाही. “माझ्या घरी येऊन बघून जायचं,” म्हणाला. “आठवड्यातून एकदा. गाडी झाली की देतो.” त्यामुळं इंद्रजितला दर आठवड्याला त्याच्या दारात, त्याच्या आखडलेल्या पायासमोर बसावं लागलं.

गाडी आम्ही बांधलीच. स्टँडवरच्या त्या सांगाड्याला हात लागायला वर्ष लागलं. चौगुले खुर्चीत बसून टोमणे मारायचा, मी तारा बांधायला शिकले. प्रत्येक नट इंद्रजितनं आवळायचा, मी तार बांधायची आणि दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, “बांधली.” आता शरू दुसरीत आहे, तीही म्हणते. तो अजून ट्रॅकवर जातो. मी अजून घाबरते. वाद तर रोज होतात, आणि आमच्या घरातला आवाज चढला की मला आतून निवांत वाटतं.

मिक्सरचं बाईंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. तो चांगला होता. त्यांनी आतली वायर स्वतःच ओढून काढली होती, माझा फोन यायच्या आधी. इंद्रजितनं त्या दुपारी शटर उघडून पुन्हा अर्धं ओढलेलं पाहिलं तेव्हाच. “इलाहीच्या वेळी मला काही सुचलं न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “कपडे वाळत घालत बसले मी.” गेल्या वर्षी बाई गेल्या. तो मिक्सर आमच्याकडं आहे. चालतो.

हे सगळं लिहिलं ते तुमच्यासाठी. तुमच्या माहितीत कुणीतरी असेल. हौसेची वस्तू देऊन टाकणारं. कागदपत्रं लावून ठेवणारं. कालपरवापर्यंत हट्टानं भांडणारं आणि आता “तुझंच बरोबर” म्हणणारं. नाव तुमच्या मनात आलंच असेल. फोन करू नका, गप्पांवर निभावून नेतील. जा. सरळ विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. जायला निमित्त सापडत नसेल, तर घरातल्या चांगल्या मिक्सरची वायर ओढा आणि तो घेऊन आजच जा.